काळ्या मातीतही कागदी फुले उत्तम येतात; पाणी तेवढे आवरावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी फुलझाडांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी आणि डॉग फ्लॉवर यांना भरपूर जागा मिळाली आहे. हेलिक्रायसमचा, म्हणजे आपल्याकडच्या नर्सऱ्यांत जे पेपर फ्लॉवर या नावाने विकले जाते त्या झाडाचा, उल्लेख मात्र शेवटच्या दोन ओळींत उरकला आहे. त्या दोन ओळींतही ‘भरपूर पाणी व खत द्यावे’ असा सल्ला आहे. इंदूरच्या काळ्या मातीत हा सल्ला कोणी मनापासून पाळला, तर ते झाड बहुधा फुलावर येण्याआधीच पिवळे पडते, मान टाकते आणि मरते. मग ‘आपल्याकडे हे फूल होत नाही, ते थंड डोंगरातले आहे’ असा समज घरोघर पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. माळव्याचा हिवाळा या झाडाला अतिशय मानवतो, आणि त्याला येथे मारते ते आपणच घातलेले पाणी. हे नीट सांगता यावे म्हणून पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. ऋतू हातचा जाण्याआधी त्याला जागा मिळावी, ही विनंती.

बोगनवेलीलाही पुष्कळ जण कागदी फूल म्हणतात, त्यामुळे मी कशाविषयी लिहीत आहे हे आधी सांगितलेले बरे. हेलिक्रायसम हे शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल यांच्या कुळातले वर्षायू रोप आहे. त्याची उंच जात तीन फुटांपर्यंत किंवा थोडी अधिकही जाते, ठेंगणी जात फूटभरात आटोपते. फूल पिवळे, नारिंगी, विटकरी, गुलाबी, गर्द लाल किंवा पांढरे असते, त्याला चकाकी असते, आणि बोटाने दाबले तर ताजे असतानाही ते कुरकुरते. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती खरे तर फुलाला वेढणारी छदे असतात. खरी फुले म्हणजे मधल्या चकतीतले बारीक पिवळे ठिपके. छदांमध्ये पाण्याचा अंश मुळातच फार थोडा असतो आणि पूर्ण वाढलेल्या छदाच्या पेशी जवळजवळ कोरड्या व निर्जीव झालेल्या असतात. त्यामुळे फूल झाडावरून काढले तरी त्यात सुकून आक्रसण्यासारखे फारसे उरतच नाही, आणि गुलाब दोन दिवसांत माना टाकतो तेथे हे फूल महिनोन्‌महिने रूप टिकवून राहते.

हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे झाड. फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफीन हिच्या मालमेझों येथील बागेत ऑस्ट्रेलियाहून आलेली अनेक झाडे लावलेली होती. त्या बागेतील वनस्पतींचे वर्णन करताना एतिएन पिएर व्हाँतना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये या झाडाची पहिली शास्त्रीय नोंद केली. रानातले फूल प्रामुख्याने सोनेरी पिवळे असते. आज बियांच्या पाकिटावर जे इतके रंग दिसतात, त्यांतले पुष्कळसे १८५० नंतरच्या काळात जर्मनीत झालेल्या संकरातून आले. शास्त्रज्ञांनी त्याला मधल्या काळात बरीच नावे दिली आणि १९९० पासून ते झेरोक्रायसम या नव्या प्रजातीत गणले जाते. बियांच्या दुकानात मात्र अजून हेलिक्रायसम हेच नाव चालते, तेव्हा बी मागताना तेच सांगावे.

त्याच्या मायदेशाकडे पाहिले की त्याच्या गरजा कळतात. ते मोकळ्या उन्हात, निचऱ्याच्या आणि बहुधा हलक्या जमिनीत वाढणारे झाड आहे. आपली माती याच्या अगदी उलट आहे. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, आतली हवा कोंडते, आणि वाळली की भेगाळते. गव्हाला आणि हरभऱ्याला हीच माती वरदान ठरते, कारण पावसाळ्यात साठवलेली ओल ती हिवाळाभर पुरवत राहते. हेलिक्रायसमच्या बारीक, वरवर पसरणाऱ्या मुळांना मात्र तीच ओल बाधते. वरची माती सुकलेली दिसते म्हणून आपण पाणी घालतो, खाली दोन बोटांवर चिखल असतो, मुळे कुजतात, आणि पाने मलूल झालेली पाहून आपण आणखी पाणी घालतो. ओल्या मातीत उभे असलेले झाड भर दुपारी मान टाकत असेल तर ते तहानलेले नाही, त्याची मुळे गेली आहेत, एवढे जरी प्रत्येक बागप्रेमीच्या मनात ठसले तरी यातली निम्मी झाडे वाचतील, असे मला वाटते.

यावर उपाय अवघड नाही. जमिनीत लावायचे असेल तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान वीतभर उंच करावा. काळ्या मातीत थोडीशी रेती मिसळून निचरा सुधारत नाही, उलट कधीकधी ती आणखी घट्ट बसते. तिच्यात मुरलेले कंपोस्ट भरपूर घालणे हाच खरा उपाय, आणि त्याच्या जोडीला जाड रेती किंवा विटांचा बारीक चुरा घालायचा तर तो सढळ हाताने घालावा. गच्चीवर किंवा ओट्यावर लावणाऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. दहा ते बारा इंची कुंडी घ्यावी, तिच्यात एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग जाड रेती किंवा कोकोपीट भरावे, तळाचे भोक खापरीने झाकावे पण बुजवू नये, आणि कुंडीखाली ताटली ठेवू नये. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाफ्याला आठवड्यातून एकदा पाणी पुष्कळ होते. पाणी नेहमी बुंध्याशी द्यावे, झारीने वरून शिंपडू नये.

आता मुख्य अडचणीकडे वळते, कारण तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. हे झाड किंचित आम्लधर्मी मातीत रमते; साधारण साडेपाच ते साडेसहा सामू (म्हणजे पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) त्याला सोसतो. आपली काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, तिचा सामू साताच्या वर, पुष्कळदा आठाच्या आसपास जातो. अशा मातीत लोह नसते असे नाही, पण ते अशा रूपात अडकून राहते की मुळांना ते उचलता येत नाही. परिणाम पानांवर दिसतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्याच राहतात. नत्र कमी पडले तर याच्या उलट, खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. हा फरक ओळखला नाही की लोक पिवळेपणा पाहून युरिया टाकतात. त्याने लोहाची कमतरता भरून निघत नाही, आणि झाड लुसलुशीत, लांबट होऊन वाऱ्याने आडवे मात्र पडते. शेंड्याकडचा पिवळेपणा दिसताच लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत विरघळवून, आधी दोन-चार पानांवर पाहून, मग संध्याकाळी पानांवर हलके फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा करावे. हिराकस मातीत टाकून आपल्याकडे उपयोग होत नाही, चुना तिला लगेच निकामी करतो. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता यावे असे बांधून ठेवलेले लोह, मातीतून द्यायचे असेल तर पाकिटावर ईडीडीएचए ही अक्षरे आहेत ना ते पाहावे. ईडीटीए प्रकारचे लोह स्वस्त मिळते, पण अल्कधर्मी मातीत ते टिकत नाही.

याच कारणाने बोअरिंगच्या जड पाण्यापेक्षा नळाला येणारे नर्मदेचे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी या झाडाला बरे. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक भगिनी ते कुंड्यांना घालतात. काटकसरीची ही भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे, या झाडांना घालू नये.

कंपोस्टविषयी लिहिताना इंदूरकरांनी जरा अभिमानाने लिहावे असे मला नेहमी वाटते. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच शहरातील वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आज जेथे आपले कृषी महाविद्यालय आहे तेथे, शेतातला पालापाचोळा, गुरांचे शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, ते वेळोवेळी उलटून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसवली, आणि ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर ओळखली जाते. शेतकऱ्यांच्या अंगवळणी असलेल्या गोष्टींतून त्यांनी ती उभी केली हे विशेष. आज ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यात आपले शहर देशात नावाजले गेले आहे, त्यामुळे घरच्या घरी कंपोस्ट करणारी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. हेलिक्रायसमसाठी या कृतीत एकच बदल हवा. राख अल्कधर्मी असल्यामुळे, ज्या कंपोस्टमध्ये राख पडली आहे ते गुलाब किंवा भाजीपाल्याला द्यावे आणि या झाडासाठी राखेशिवायचे, नीट मुरलेले कंपोस्ट वेगळे ठेवावे. लागवडीच्या वेळी घातलेले हे खत बहुधा हंगामभर पुरते. कळ्या धरू लागल्यावर एकदा पातळ केलेले शेणाचे किंवा पेंडीचे पाणी दिले तर चालते. त्याहून अधिक खत देणे म्हणजे फुलांऐवजी पाने वाढवणे होय.

पेरणीची वेळ आपल्याकडे पंचांगावरून सहज लक्षात राहते. परतीचा पाऊस थांबत आला की, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, बी पेरावे. बी फार बारीक असते, एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे भरतात, आणि त्याला रुजायला उजेड लागतो. येथेच पुष्कळांचे बी फुकट जाते, कारण आपण सवयीने त्यावर माती पसरतो. पसरट कुंडीत किंवा ट्रेमध्ये चाळलेले मिश्रण सपाट करून, आधी ओले करून घ्यावे, त्यावर बी विरळ टाकून तळहाताने नुसते दाबावे आणि वर पारदर्शक झाकण किंवा काच ठेवून ट्रे उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावा. आठवडा ते दहा दिवसांत कोंब दिसू लागतात. ते दिसले की झाकण काढावे, नाहीतर कोंदट हवेत रोपांचा मातीलगतचा बुंधा सडून ती एका रात्रीत आडवी होतात. रोपांना चार ते सहा खरी पाने आली की, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे, ती एकेक फुटावर कायमच्या जागी लावावीत. जागा अशी निवडावी की हिवाळ्यातही किमान सहा तास ऊन मिळेल. आमच्या जुन्या वस्त्यांतील घरांना लागून घरे असतात आणि जमिनीवर ऊन दुपारपुरतेच उतरते. तेथे गच्चीच उत्तम.

शेंडा खुडावा की नाही याविषयी मतभेद आहेत. खुडले तर झाड पसरते व फुले वाढतात, पण ती लहान होतात आणि बहर उशिरा येतो. ज्या ठिकाणी थंडी लांबते तेथे हे परवडते. आपल्याकडे मार्चच्या अखेरीस ऊन असे तापते की उशिराच्या बहराला दिवसच मिळत नाहीत, म्हणून ठेंगण्या जातीला काही करू नये आणि उंच जातीचाही शेंडा खुडू नये, असे माझे मत आहे. उंच जातीला मात्र काठीचा आधार सुरुवातीलाच द्यावा. पहिली फुले जानेवारीत उमलू लागतात, फेब्रुवारी हा भर बहराचा महिना असतो, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत झाड देत राहते.

रोगकिडींचा त्रास फार नाही. कळ्यांच्या देठांवर मावा बसतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने किंवा निंबोळी अर्काने जातो. दाटीने लावलेल्या आणि वरून पाणी मारलेल्या झाडांच्या पानांखाली केवडा रोगाची पांढुरकी बुरशी येते. तशी पाने काढून टाकावीत आणि झाडांत हवा खेळू द्यावी. खरी भीती मावठ्याची. ऐन बहरात दोन दिवस मावठा पडला तर फुलांची मधली चकती भिजून काळी पडते. ढग दाटलेले दिसले की काढण्याजोगी झालेली सर्व फुले त्याच दिवशी उतरवून घ्यावीत, आणि कुंड्या असतील तर त्या छपराखाली न्याव्यात.

फुले काढण्याची वेळ हा या सगळ्या उद्योगाचा मर्माचा भाग आहे. पूर्ण उमललेले फूल दिसायला सुंदर, पण टिकवण्यासाठी ते निरुपयोगी असते, कारण काढल्यानंतरही फूल उमलतच राहते. छदे मागे वळतात, मधली चकती उघडी पडून तपकिरी होते आणि तिच्यातून म्हातारीच्या कापसासारखे तंतू सुटू लागतात. म्हणून बाहेरची दोन-तीन वर्तुळे उघडली आहेत आणि मधला भाग अजून घट्ट मिटलेला आहे, अशा अवस्थेत फूल काढावे. कोरड्या दिवशी, दव पूर्ण उडाल्यावर, अकरा-बारा वाजता काढलेले फूल सर्वांत चांगले. देठावरची पाने लगेच काढून टाकावीत, सात-आठ देठांची सैल जुडी बांधावी आणि ती अंधाऱ्या, कोरड्या, हवा खेळणाऱ्या खोलीत उलटी टांगावी. उलटी टांगल्याने देठ सरळ वाळतो, आणि अंधारात रंग टिकतो. उन्हात वाळवलेली फुले लवकर फिकी पडतात. दोन-तीन आठवड्यांत देठ कडक होतात.

वाळल्यानंतर फुलाचे वजन पेलण्याइतका देठ नेहमी मजबूत राहत नाही, मानेशी तो मोडतो. यासाठी जाणकार लोक ताज्या फुलाच्या बुडातून बारीक लोखंडी तार वर खुपसतात. फूल वाळताना आक्रसून ती तार घट्ट धरते. तार नसेल तर खराट्याचा सरळ, टोकदार हीर चालतो. हे काम फूल ताजे असतानाच करावे लागते, वाळलेल्या फुलाचे बूड लाकडासारखे कडक होते आणि भोक पाडताना ते फुटते.

या फुलाचा आणखी एक गुण फार मनोहर आहे आणि मुलांना तो जरूर दाखवावा. वाळलेले फूल पाण्यात बुडवले की काही वेळात ते मिटते, आणि वाळले की पुन्हा उमलते. छदाच्या तळाशी बाहेरच्या बाजूच्या पेशी ओल शोषून फुगतात आणि छदाला आत ढकलतात. ओल उडाली की छद मूळ जागी येते. त्यात जिवंत पेशींचा संबंध नसल्यामुळे महिन्यांपूर्वी वाळलेले फूलही तसेच वागते. झाडावर असताना या हालचालीने आतली कोवळी फुले पावसापासून आणि दवापासून सुरक्षित राहतात.

हे लक्षात घेतले की आपल्या सणांमध्ये या फुलांचा उपयोग कसा करावा हेही समजते, आणि हे पत्र लिहिण्याचे माझे दुसरे कारण तेच आहे. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत सजावटीचे थर्माकोल आहे. त्यामुळे घरोघरची थर्माकोलची मखरे कमी झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. प्लास्टिकची फुले त्या यादीत नव्हती. मखर गेले आणि प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आल्या. त्या दोन-तीन वर्षांत धुळीने माखतात, धुतल्या तरी रंग जातो, आणि शेवटी कचऱ्यातच जातात. ज्या घरात भाजीची देठेसुद्धा वेगळ्या डब्यात जातात, त्या घरात देवापुढची आरास प्लास्टिकची असावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. वाळलेली हेलिक्रायसम ही जागा सहज घेऊ शकतात, आणि जुनी झाली की ती कंपोस्टमध्ये जातात. फक्त तार आधी काढून घ्यावी.

येथे एक मर्यादा स्पष्ट करते. देवाला वाहायला ताजेच फूल हवे, वाळलेले चालत नाही. ती रीत मोडावी असे मी सुचवत नाही. मी बोलते आहे ते तोरण, मखर, पाठीमागची महिरप आणि चौरंगाभोवतीची आरास यांविषयी. यासाठी सर्वांत उत्तम सण चैत्रगौरीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवलेली फुले चैत्रात नेमकी वाळून तयार असतात, त्या दिवसांत माळव्याची हवा इतकी कोरडी असते की ती पूर्ण उमललेली राहतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताजी फुले बाजारात महाग व कोमेजलेली मिळतात. आंब्याची डाळ, पन्हे आणि कलिंगडाची कमळे यांच्या मागे पिवळ्या-विटकरी फुलांची महिरप काय शोभते, हे ज्यांनी एकदा केले त्यांना सांगावे लागत नाही.

भाद्रपदात मात्र काळजी घ्यावी लागते. गणपती आणि महालक्ष्म्या येतात तेव्हा हवेत ओल असते आणि ही फुले अर्धी मिटतात. म्हणून पावसाळा लागण्यापूर्वी ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बंद करावीत. त्या नसतील तर कढईत कोरडे भाजून थंड केलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत. डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, त्यांचा वास फुलांतून जाता जात नाही. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे. सजावट आदल्या दिवशी न करता त्याच सकाळी करावी. दिव्यांच्या उबेने आणि बंद खोलीत फुले पुष्कळ उघडतात. दारावरच्या तोरणासाठी, जेथे पावसाची हवा थेट लागते, ती भाद्रपदात वापरू नयेत. दारासाठी पावसाळ्यातले गोम्फ्रेना, ज्याला आपण बटणफूल म्हणतो, अधिक योग्य. ते काळ्या मातीतही तक्रार न करता येते आणि दमट हवेत मिटत नाही.

नर्सरीचालकांनाही या पत्राद्वारे एक विनंती करावीशी वाटते. जानेवारीत फुलावर आलेली, लहान पिशवीत मुळे गुंडाळलेली झाडे ते विकतात. ती घरी आणल्यावर चार फुले देऊन संपतात आणि ग्राहकाची निराशा होते. त्याऐवजी दिवाळीच्या सुमारास सहा पानांची रोपे विकावीत, तीही कमी दरात आणि अधिक संख्येने. उंच व ठेंगण्या जातींची नावे सांगून विकले तर आणखी बरे. कापून वाळवण्यासाठी ‘मॉन्स्ट्रोसम’ गटातली उंच, भरगच्च फुलांची जात हवी, आणि ‘बिकिनी’ मालिकेतली ठेंगणी जात कुंडीत शोभण्यासाठी आहे, तिचे देठ आखूड पडतात. शहरातील सार्वजनिक उद्यानांत हिवाळी फुलांचे ताटवे दरवर्षी लावले जातात. त्यांतला एक ताटवा उंच वाफ्यावर या फुलांचा केला आणि शेजारी पेरणी व काढणीच्या वेळांची पाटी लावली, तर शाळेच्या सहलींना आलेली मुलेही ते पाहून शिकतील.

आपल्या पुरवणीस विनंती एवढीच की, हिवाळी फुलझाडांचा पुढचा लेख छापताना पुण्या-मुंबईच्या लाल किंवा मुरमाड मातीसाठी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा न देता इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील काळ्या मातीचा विचार करून तो द्यावा, आणि पाण्याचे प्रमाण ‘भरपूर’ किंवा ‘बेताचे’ अशा शब्दांत न सांगता मातीत बोट घालून पाहण्याची रीत सांगावी. आपले वाचक बहुतांश घरगुती बागा करणारे आहेत आणि पुरवणीतल्या सल्ल्यावर त्यांचा विश्वास आहे.

बी नव्याने दरवर्षी विकत घेण्याचीही गरज नाही. साध्या जातीच्या सर्वांत निरोगी झाडावरची दोन-तीन फुले न काढता राखावीत, चकती फुलून तंतू सुटू लागले की कोरड्या दुपारी ती कागदी पिशवीत उतरवावीत, चोळून बी वेगळे करावे आणि कागदाच्या पुडीत, घट्ट डब्यात, थंड जागी ठेवावे. संकरित जातीचे बी मात्र आईसारखे फूल देत नाही, आणि राखलेले बी शक्यतो त्याच वर्षीच्या नवरात्रात पेरून टाकावे.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर